नजरेने भरलेला रकाना

जन्मनोंदणीच्या खिडकीतले काका स्वतःच्या नजरेवर भलतेच खूश असत. आई बाळाला घेऊन आली की ते मान वर करून बाळाकडे एकदा बघत आणि ‘वंश’ हा रकाना भरून मोकळे होत. विचारायचं कशाला, दिसतंय की! राज्यात कोणत्या वंशाचे किती लोक, ही टक्केवारी असल्याच नोंदींवरून निघायची, याचा त्यांना कोण अभिमान!

निवृत्तीला आठवडा उरला असताना विशीतल्या दोन बहिणी आपापले दाखले घेऊन आल्या. एक गोरीपान, दुसरी काळीसावळी, पण दोघी जुळ्या. सावळी जन्मतः अशक्त म्हणून दवाखान्यातच राहिली होती, त्यामुळे तिची नोंद महिनाभराने झाली होती. दोन दाखल्यांवर दोन वेगळे वंश होते आणि अक्षर मात्र एकच, काकांचं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. “लगेच दुरुस्त करतो, पोरींनो. काय लिहायचं ते आईला विचारून या.”

“आई गेल्याच महिन्यात गेली, काका,” सावळी शांतपणे म्हणाली. “दोन्ही वेळा ती तुमच्यासमोरच तर उभी होती.”