त्याग आणि फणी

वसतिगृहाच्या ओट्यावर सिस्टर बसल्या होत्या. केसांत अडकू नये म्हणून गळ्यातला क्रूस पाठीवर टाकलेला, पुढ्यात एका मुलीचं डोकं आणि हातात फणी. ऊ सापडली की दोन नखांत टिच्च!

आमचं महिला मंडळ त्यांच्या सत्काराला गेलं होतं. "सिस्टर, देवासाठी तुम्ही संसाराचा त्याग केलात!" अध्यक्षबाई चार हात लांबूनच म्हणाल्या, पदर डोक्यावर घट्ट ओढून.

सिस्टरांनी मान वर केली नाही. "त्याग कसला बाई? संसार सोडला असता, तर एवढ्या पोरींच्या उवा कोण काढत बसलं असतं?"

सगळ्याजणी हसल्या, जणू विनोदच झाला. मला मात्र शिसारी आली. उवांची नाही, आमची. ज्याला हात लावायचा नसतो, त्याला आपण हार घालतो. त्याग, सेवा, समर्पण हे शब्द पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्यांसारखे. काम झालं की धुऊन पुन्हा कपाटात. फोटोच्या वेळी तर बाई म्हणाल्या, "ती फणी तेवढी बाजूला ठेवा ना." सिस्टरांनी ठेवली. अर्धवट विंचरलेली पोर ताटकळत बसली.

परतताना गाडीत अध्यक्षबाई सारख्या डोकं खाजवत होत्या. "मेल्या उवा चढल्या वाटतं गं!"

"काळजी करू नका," मी म्हटलं. "ऊ उडत नाही. तिला यायला डोक्याला डोकं लागावं लागतं."