रिकामा डबा

पाण्यात पाय घालण्याआधी काकी बोट बुडवून जिभेला लावायच्या. मग तोंड वाकडं करून निकाल द्यायच्या, "आज डिझेल आसा." नाहीतर, "आज बरा आसा, चल गो."

ओहोटीला खाडीत गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्यांचे शिंपले वेचणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. देवबागच्या अलीकडच्या वाडीतल्या काकी त्यांच्यातल्याच. मी मानवशास्त्रात पीएच.डी. करत होते. खाडीचं पाणी आणि काठच्या माणसांचे आजार हा विषय, आणि फेलोशिपही चांगली. काकींनी वाडीला माझी ओळख करून दिली ती अशी, "ह्या चेडू आमचे आजार शिकता, पण डॉक्टर नाय. औषध मागू नकात."

शिंपल्यांनी कापलेले त्यांचे पाय भरून येत नसत. मी फोटो काढायचे, प्रश्न विचारायचे. एकदा म्हणाल्या, "फोटो काढ बापडे, पण माझा एक काम कर. जिभेक कळना नाय असा कायतरी पाण्यात आसा. तपासून सांग."

पाण्याच्या बाटल्या त्यांनीच हव्या त्या जागी भरून दिल्या. निघताना तिसऱ्यांच्या सुक्याचा स्टीलचा डबाही दिला. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा तिथला रिवाज. काकी हसून म्हणाल्या, "परत येताना रिपोर्ट घालून हाड."

रिपोर्ट लवकरच आला. पाण्यात सांडपाण्यातले जंतू होते, उघड्या जखमेला घातक. माझे मार्गदर्शक म्हणाले, आधी लेख छापून येऊ दे, तोवर बाहेर बोलू नकोस. मी वादसुद्धा घातला नाही. मलाही तो लेख हवाच होता.

काकींचा फोन यायचा. "रिपोर्ट इलो काय गो?"

"अजून नाही, काकी."

किती वेळा हे खोटं बोलले, कोण जाणे. 'पाण्यात उतरू नका' एवढंच सांगायचं होतं. हे लिहितानाही लाजेने मान वर होत नाही.

लेख छापून आल्यावर रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी लिहून तो डब्यात घातला आणि वाडीत गेले. दारात सून होती.

"आये गेली," ती म्हणाली. "पायाची जखम चिघळली, विष अंगात भिनला. हॉस्पिटलात पण तुझी वाट बघी होती."

मी डबा पुढे केला. तिने कागद काढून त्या दोन ओळी वाचल्या. मग नजर वर तारखेवर गेली.

"ह्यो तर गेल्या वर्साचो."

ती कागद मुठीत धरून तशीच खाडीकडे धावली आणि काठावरून ओरडली, "भायर येवा गो! सगळ्यांनी भायर येवा!"

वाकलेल्या बायका एकेक करून सरळ झाल्या आणि टोपल्या घेऊन काठाकडे येऊ लागल्या. दोन मिनिटांचं काम होतं. काकींचा डबा हातात धरून मी अंगणातच उभी होते. तो रिकामा होता.