पाहुण्याचा फ्लेक्स

सक्तीच्या सैन्यभरतीतून पळून आलेल्या परक्या माणसाला आपल्या देशानं आसरा द्यावा की नाही, असं कोणी विचारलं तर मी एका दमात 'द्यावा' म्हणतो. विचारणारा माझ्या मिशांकडे बघतो. सतरा वर्षं मी फौजेत काढली, त्यानंतर चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्राच्या गेटवर सुरक्षारक्षक होतो, आणि आता रिकामपणी आमच्या वस्तीतल्या विहार समितीचा सचिव आहे. असल्या माणसानं पळपुट्यांना शिव्या घालाव्यात अशी लोकांची अपेक्षा असते. ती चुकीची नाही. मी घातल्याही आहेत, आणि त्याही घरी जेवायला आलेल्या पाहुण्याला.

हा पाहुणा गेल्या वर्षावासात आला. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने. तेवढे दिवस भन्तेजी, म्हणजे आमचे बौद्ध भिक्खू, एकाच विहारात मुक्काम करतात आणि वस्तीतली घरं पाळीपाळीनं त्यांना भोजनदान देतात. आमच्या भन्तेजींसोबत ब्रह्मदेशाचा, म्हणजे आताच्या म्यानमारचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण होता. तीर्थयात्रेच्या व्हिसावर तो बुद्धगयेला आला होता, तिथं भन्तेजींची ओळख झाली आणि त्यांच्या मागं मागं तो चंद्रपूरला पोचला. विहार झाडायचा, भन्तेजींचे कपडे धुवायचा, बायांना भाजी निवडू लागायचा. तोडकीमोडकी हिंदी त्याला येत होती. महिनाभरात बायांनी ती बिघडवून आमच्यासारखी केली.

आमची पाळी मंगळवारी असे. एका मंगळवारी भन्तेजी जेवून गेले आणि तो मागं थांबून जेवत होता. भिंतीवर माझा वर्दीतला फोटो आहे. त्याच्याकडे बघत त्यानं विचारलं, "काका, तुमाले पकडाले किती जण आले होते?"

मला हसू आवरेना. मी त्याला सांगितलं की मी भरतीला तीनदा धावलो. पहिल्यांदा वजन कमी भरलं, दुसऱ्यांदा छाती कमी भरली. तिसऱ्या वेळी सकाळी डझनभर केळी खाऊन आणि वर पाणी पिऊन काट्यावर उभा राहिलो, आणि निवड झाली तेव्हा ती केळी मैदानाच्या कडेला ओकलो. हजारो पोरं होती त्या मैदानावर.

"सगळे आत जाले धावून राह्यले होते?"

"मंग का! आत घुसाले."

त्यानं जरा विचार केला. "आमच्याकडं भी धावते, काका. पण दुसऱ्या बाजूनं."

मग त्यानं सांगितलं. त्यांच्याकडे वॉर्डाच्या कचेरीत चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव निघालं त्यानं बंदूक धरायची. त्याच्या तीन मित्रांना आधीच नेलं होतं. ते कुठल्या शत्रूशी लढायला गेले नव्हते. त्यांना आपल्याच मुलखातल्या गावांवर धाडलं होतं, आणि त्यातलं एक गाव याच्या मावशीचं होतं. मग याची चिठ्ठी निघाली आणि हा निघाला.

"म्हणजे तू पळून आला," मी म्हणालो. शब्द साधेच होते, पण आवाज गेटवरचा लागला आणि ती शिवीच झाली. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यानं पानातला भात संपवला, ताट घासून पालथं घातलं, दोघांना हात जोडले आणि तो गेला.

बायको बाहेर आली ती पीठभरल्या हातानंच. ती गडचिरोलीकडची, एटापल्लीच्याही पलीकडची, नक्षल्यांच्या मुलखातली. "माह्या भावाले दोन वर्षं आपल्या क्वार्टरात ठेवलं होतं, ध्यानात हाय का तुमच्या?"

"त्याचं इथं काय?"

"जंगलवाले घरटी एक पोरगा मागून राह्यले होते म्हणून माह्या बापानं त्याले रातोरात मोटरीत बसवून इकडं धाडलं. तवा तुमी त्याले पळपुटा म्हटलं नाई. सायकल घेऊन देल्ली. आपला तो पोरगा, न दुसऱ्याचा तो पळपुटा. वा!"

मी चिडलो. दोन दिवस विहाराकडे फिरकलो नाही आणि घरात कारण नसताना पंख्याचे स्क्रू पिळत बसलो. तिसऱ्या दिवशी डोकं ठिकाणावर आलं. फौजेत मी डोळे मिटून झोपायचो, कारण बाहेर पहाऱ्यावर उभा असलेला माणूस माझ्यासारखाच धावत, धडपडत, केळी खाऊन आत आलेला असायचा. ज्याला मानगूट धरून आणलंय त्याच्या भरवशावर मी कधी झोपलो नसतो. आणि आपल्याच मावशीच्या गावावर बंदूक रोखायला सांगणाऱ्या वर्दीला मी सलाम ठोकला असता का? नसता ठोकला. मग हा पोरगा माझ्यापेक्षा वेगळं काय वागला? त्याच संध्याकाळी जाऊन मी त्याला सांगितलं की हा काका तुझ्या पाठीशी आहे.

इथवर सगळं बरं होतं. पण माझी एक खोड आहे. मत बदललं की ते मला खिशात ठेवून बसता येत नाही.

आमच्याकडे माणसाचा मान राखायचा म्हणजे फ्लेक्स लावायचा. वाढदिवस असो, निवड असो, सेवानिवृत्ती असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, चौकात फ्लेक्स नसेल तर ते झालंच नाही असं धरतात. अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती. मी गुपचूप त्याचा विहारातल्या बोधिवृक्षाखाली उभा असलेला फोटो काढला आणि आठ बाय दहाचा फ्लेक्स छापून आणला. वर त्याचं पूर्ण नाव. खाली मोठ्या अक्षरांत, 'सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देणाऱ्या ब्रह्मदेशीय धम्मबंधूचे हार्दिक स्वागत'. त्याखाली समितीचे नऊ चेहरे, त्यात सचिवाचा दोन बोटं मोठा. वीज केंद्राच्या बसगाड्या जिथं वळतात तिथं, सगळ्यांना दिसेल असा, पहाटे स्वतः उभं राहून बांधून घेतला.

सकाळी तो फुलं आणायला गेला आणि तसाच धावत परत आला. तोंडाला रंग नव्हता.

"काका, काढा. आत्ता काढा."

"काऊन रे? चांगला नाई आला काय?"

"तिकडं भी मोबाईल असते, काका."

तेवढं एक वाक्य पुरलं. मी शिडीवर चढलो आणि विळ्यानं दोऱ्या कापल्या. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला सचिव आपणच लावलेला फ्लेक्स फाडतोय हे बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. त्याचा काही उपयोग झाला नाही. आमच्या अध्यक्षांनी सकाळी सातलाच त्याचा फोटो सहा ग्रुपवर टाकला होता, आणि त्यातल्या एका ग्रुपमध्ये बुद्धगयेला येणारे-जाणारे ब्रह्मी यात्रेकरू होते.

दहाव्या दिवशी त्याच्या मोबाईलवर एका नातेवाइकाचा निरोप आला. त्याच्या वडिलांना वॉर्डाच्या कचेरीत नेलं होतं. दोन दिवस बसवून ठेवलं आणि सोडलं. यापलीकडे निरोपात काही नव्हतं. तो विहाराच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसलो आणि म्हणालो की ही माझी चूक आहे, पूर्णपणे माझी. त्यानं 'असू द्या' म्हटलं नाही. ते बरंच झालं. तसं म्हटलं असतं तर मला जास्त लागलं असतं.

व्हिसाची मुदत संपायला महिना उरला होता. ती वाढवायची तर चंद्रपूरला परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कचेरीत अर्ज द्यायचा, आणि हा माणूस आमच्याकडे राहतो असं समितीचं पत्र जोडायचं. मुदत वाढली नाही तर परत, आणि परत म्हणजे सरळ बराकीत किंवा तुरुंगात. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "सोपं हाय भाऊ. धम्म शिकाले आला, असं लिहून टाक. भरतीची गोष्टच काढू नोको. उद्या आपल्याच मागं चौकशी लागन."

माझा हात लिहायला उठला होता. पण एकदा मी त्याला न विचारता त्याच्या नावानं छापलं होतं, म्हणून या वेळी विचारलं. तो दारात उभा होता.

"खरं लिहा, काका," तो म्हणाला. "खोटं लिहाचं होतं तर फ्लेक्सच्या आधी लिहाचं होतं."

समितीत हशा पिकला आणि मी खरं लिहिलं. हा तरुण आपल्याच लोकांवर बंदूक चालवायला नकार देऊन आला आहे. तो माझ्या घरी राहील. त्याची जबाबदारी माझी, आणि शांततेच्या काळात स्वखुशीनं भरती झालेला माजी सैनिक म्हणून मी हे लिहीत आहे. सही करताना अध्यक्षांनी पुटपुटत का होईना, पण पेन स्वतःचं काढलं.

कचेरीतल्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "लोक तीर्थयात्रा लिहितात. तुम्ही हे काऊन लिहिलं?"

"साहेब, तीर्थयात्रा लिहिली तर तुमी मुदत वाढवान. पुढच्या वेळी पुन्हा तेच खोटं. हे एकदाच लिहावं लागते."

"आणि वरून 'नाही' असं उत्तर आलं तर?"

"तर तेही खऱ्या कागदावर येऊ द्या. देशानं नाई म्हणाचं असन तर हा पोरगा काय म्हणून आला ते वाचून म्हणावं."

त्यांनी अर्जावर शिक्का मारला, वर पाठवतो म्हणाले, आणि उत्तर येईपर्यंत त्यानं इथंच राहायचं, दर महिन्याला हजेरी द्यायची असं सांगितलं. ते उत्तर अजून आलेलं नाही. तो आमच्या मागच्या खोलीत राहतो. देश मोठा आहे, त्याला विचार करायला वेळ लागतो, हे मी समजू शकतो. पण माझ्या दारापुरता मी देश आहे, आणि माझा निर्णय झालेला आहे.

कचेरीतून आलो त्या संध्याकाळी त्यानं घरी फोन लावला. आमच्याकडे आल्यापासून त्यानं एकदाही लावला नव्हता, आणि मी मनातल्या मनात त्याला निष्ठुर म्हणत असे. पडद्यावर त्याचे वडील आले. बनियनवर होते, माझ्याच वयाचे, गालफडं बसलेली. मी त्याच्या खांद्यावरून पुढं वाकलो आणि हात जोडले. "सांग त्याईले, तो फ्लेक्स मी लावला होता. माफी मागून राह्यलो म्हणाव."

त्यानं सांगितलं. वडील बराच वेळ बोलले.

"का म्हणते?"

"काई नाई, काका."

"सांग."

"पोरगा कुठी हाय ते बाबाले माहीत नव्हतं. मीच सांगितलं नाई. कचेरीवाल्याईनं विचारलं तर बाबा 'माहीत नाई' म्हणाचे, न ते खरंच होतं, म्हणून सोडून देत होते. मंग कचेरीवाल्याईनं बाबाले मोबाईलवर तो फ्लेक्स दाखवला. मराठी वाचता येत नाई कोणाले, पण तोंड तर दिसते. हा तुहाच पोरगा न, म्हणे. आठ महिन्यांनी बाबानं माह्यं तोंड पाह्यलं. न पाहून म्हटलं, हा माहा पोरगा नाई. दोन दिवस तेच म्हणत राह्यले."

माझे हात जोडलेलेच राहिले. डोळे भरून आले ते मी पुसलेही नाहीत. पलीकडून वडील पुन्हा काही बोलले, या वेळी थोडंसंच.

"आता का म्हणते?"

"म्हणते, काकाले सांग, थोडं बाजूले सरका. पोरगा नीट दिसून नाई राह्यला."

मी सरकलो.