डाव्या बाजूचं दार

लासूर स्टेशनवरून फोन आला तेव्हा माझ्या ओठांत टाचण्या होत्या. एका ब्लाउजचा गळा लावत होते. कुमुदकाकूंचे भाऊ बोलत होते, "मंगल, ताई गेली. सकाळी उठलीच नाय." मी टाचण्यांसकट नुसतं हं म्हणाले आणि फोन ठेवला. काकू चार दिवसांसाठी तिथं माहेरी गेल्या होत्या, जाताना दारातून ओरडून सांगितलं होतं की पार्सल आलं तर फोडू नको, मी आल्यावर फोडू... फोन ठेवल्यावर पहिला विचार कोणता आला ते आधी लिहिते. ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहायला मला तोंड नाही. मनात आलं, सुटले बाई, आता दहावीचं कोणी विचारणार नाही. त्याच्या मागोमाग आलं की आता ही खोली गेली, मशीन कुठं न्यायची? रडू आलं ते त्यानंतर. आणि रडण्याच्या आधी मी तो गळा पुरा केला, कारण बाई दुपारी न्यायला येणार होती.

काकू माझ्या कोणी लागत नव्हत्या. छावणीत त्यांचं घर, त्याच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहते आणि तिथंच शिवण करते. माझं गाव पार देगलूरच्या पलीकडं. लग्न करून इकडं आले ते नवऱ्याच्या वाळूजच्या कारखान्यातल्या नोकरीमुळं. ती नोकरी सुटली, आता ते ट्रकवर असतात, महिन्यातून कधीतरी घरी येतात. मी सातवीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, धाकट्या भावंडांना बघायला घरी कोणी नव्हतं, मग एका वर्षी गेलेच नाही, आणि कोणी विचारायलाही आलं नाही. खोली बघायला आले तेव्हा आधीच्या दोन घरमालकांनी विचारलेलं काकूही विचारतील म्हणून मी घाबरून बसले होते, शिक्षण किती, कोण कोण येतं-जातं. काकू टेलिफोनच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. त्यांनी एवढंच विचारलं, "चिंध्या उरतात का गं तुझ्याकडं? बारक्या?" मी म्हटलं, लई उरतात. "मग ये राह्यला," म्हणाल्या.

चिंध्या कशाला, ते आठ दिवसांनी कळलं. मधल्या खोलीतल्या दिवाणावर एक जुनी सुती साडी पसरलेली असायची. ती त्यांनी एक दिवस उचलली तर खाली अख्खं शहर! प्लास्टिकच्या रंगीत ठोकळ्यांचं. रस्ते, सिग्नल, दवाखाना, पोलीस चौकी, रेल्वे स्टेशन आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. त्यांचा मुलगा अभय परदेशात असतो. एका सुट्टीत नातू आला होता, तो एक खोका अर्धवट जोडून इथंच टाकून गेला. काकूंनी तो पुरा केला आणि मग त्यांना राहवेना. परदेशी कंपनीचा खेळ, दरवर्षी त्यात शहराचे नवीन नवीन सेट निघतात. पेन्शनमधून मागवायच्या, वाढदिवसाला अभयकडून घ्यायच्या. स्टेशनला त्यांनी लासूर नाव ठेवलं होतं, कारण लहानपणी वडिलांच्या अडतीवर बसून त्या गाड्या बघायच्या. एका गल्लीचं नाव गुलमंडी, इथल्या बाजारावरून. तिथल्या दुकानांच्या दारात लटकवायला कापडं पाहिजे होती, त्याला माझ्या चिंध्या.

त्यांना मात्र या खेळाची लाज वाटायची. या वयात बाई ठोकळे खेळते म्हणून लोक हसतील, असं. शेजारच्या भाभी हसायच्याच, "क्या कुमुदआपा, अब्बी तलक घर-घर खेल रै तुमे?" काकू म्हणायच्या, "महालक्ष्म्यांची आरास हाय भाभी, त्याची तयारी." आणि ते खोटंही नव्हतं. वर्षभर साडीखाली असलेलं ते शहर महालक्ष्म्यांपुढं आरास म्हणून मांडलं जायचं. देवीपुढं मांडल्यावर कोण हसणार? कुणाच्या आराशीत लाकडी बैलगाड्या, कुणाच्या फळं-भाज्या, आणि आमच्याकडं फायर ब्रिगेड. हळदीकुंकवाला आलेल्या बाया गाल हातावर ठेवून बघत बसायच्या. एका वर्षी एका आजींनी महालक्ष्म्यांना हळद वाहिली आणि उरलेल्या बोटांनी दवाखान्यालाही लावली, मोठ्या भक्तीनं. पांढरं प्लास्टिक, डाग काही निघेना. मी साबण, लिंबू सगळं करून पाहिलं. काकू म्हणाल्या, "राहू दे. दवाखान्याला हळद लागली म्हणजे पेशंट लवकर बरे व्हतील."

मला त्यांनी खेळायला घेतलं ते पहिल्याच पावसाळ्यात. मी नको नको करत होते. खोक्यातून जाडजूड पुस्तक निघालेलं बघून मी मागं सरकले होते. कुठलंही छापील पुस्तक समोर आलं की माझं असं होतं, कोणीतरी आता वाचायला सांगेल म्हणून. काकूंनी ते उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर नाही. नुसती चित्रं. कुठला ठोकळा, कुठं बसवायचा, बाण. "बघ, जगातली सगळी माणसं हेच बघून करत्यात," त्या म्हणाल्या, "हितं सातवी न् पंधरावी सारखीच." त्या दिवशी मी एक कचऱ्याची गाडी जोडली. कचऱ्याचीच, पण तिची चाकं फिरली तेव्हा मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही.

फक्त एक गोष्ट चित्रातल्यासारखी करायची नाही, असा काकूंचा कायदा होता. बस. त्या देशांत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून खेळातल्या बसचं दार उजवीकडं असतं. आमच्या शहरात गाड्या डावीकडून चालायच्या. मी पहिल्यांदा बस जोडून मोठ्या कौतुकानं नेऊन दाखवली तर काकूंनी ती स्टॉपला लावली आणि मला म्हणाल्या, "आता उतर." मला कळेना. "अगं, दार कुठं उघडतंय बघ की. लेकरं भर रस्त्यात उतरतील!" मग सगळी बस उकलायची आणि उलटी बांधायची. चित्रात उजवीकडं ते आपण डावीकडं, आरशात बघितल्यासारखं. ठोकळे आपले सरळ असतात म्हणून बरं, पण एखादा तुकडा एकाच बाजूचा निघायचा, तो काही केल्या बसायचा नाही. मग काकू बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात उरलेल्या तुकड्यांतून दुसरं काहीतरी शोधायच्या. त्या चित्र बघून आकडे सांगायच्या, मी उलटं लावायची. चुकलं की दोघी हसायचो.

शहरात एकच कोपरा रिकामा होता. स्टेशनच्या मागं, बसस्टॉपच्या समोर. तिथं शाळा येणार, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं, पण कंपनी शाळा काही काढेना. नवीन सेटची चित्रं यायच्या दिवसांत काकू सकाळी चहा घेत मोबाईलवर कुठल्या कुठल्या गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघायच्या. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, तो हातवारे करायचा त्यावरून अंदाज. मग मधल्या दारातून आवाज यायचा, "मंगल! परत फायर स्टेशन! किती आगी लागतात गं यांच्या गावाला?" पुढच्या वेळी पोलीस. "चोर एक न् पोलीस चौदा. कसं व्हायचं?" मी मशीनवरून हसायची. त्या हसण्यातच एकदा त्या म्हणाल्या, "शाळा आली की तू सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. बाहेरून दहावी द्यायची. बोल, कबूल?" मी लगेच कबूल म्हणाले. माझा त्या कंपनीवर पूर्ण विश्वास होता.

...आणि यंदा शाळा आली. काकू चष्मा न लावताच माझ्या खोलीत आल्या, मोबाईल माझ्या डोळ्यांपुढं धरला. लाल छपराची शाळा, घंटा, पुढं पिवळी बस. "आली गं बाई आपली शाळा!" असं म्हणून त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी हसले. अजून पक्कं नाही, निघायला वेळ आहे, असं गोरा माणूस म्हणत होता म्हणे. पुढं सगळे दिवस काकू वाट बघत होत्या आणि मीही वाट बघत होते. त्या शाळेची, आणि मी ही बातमी खोटी ठरण्याची. चाळिशीला आलेली बाई पोराटोरांच्या शेजारी बाकावर बसून पेपर लिहिणार, आणि नापास झाली तर? गिऱ्हाइकांना कळलं तर? काकूंनी कोपरा पुसून ठेवला. तिथं स्टॉपवर एक बाहुली उभी करून ठेवली, हातात माझ्याच एका जांभळ्या चिंधीची पिशवी. "ही कोण?" मी विचारलं. "बसची वाट बघतीय कोणीतरी," एवढंच म्हणाल्या. मला कळलं होतं. मी कळलं नाही असं दाखवलं.

काकू गेल्यावर अभय आला. दहाव्याला घर भरलेलं होतं, मी स्वयंपाकघरात बायकांच्या मागं बसले होते. तो मला शोधत आत आला, खाली माझ्यासमोर बसला. मला वाटलं, आता खोलीचं बोलणार. मी मनात वाक्यं जुळवत होते, दिवाळीपर्यंत तरी राहू द्या म्हणून. तो म्हणाला, "मंगलताई, आई फोनवर दर रविवारी तुमचंच सांगायची. दहावीला बसताय ना? फॉर्म भरला म्हणाली. परीक्षा कधी?" काकूंनी त्याला मी फॉर्म भरल्याचं आधीच सांगून टाकलं होतं... माझ्या भरवशावर. बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. नाही म्हणायचं सोपं होतं. पण नाही म्हटलं असतं तर काकू खोट्या पडल्या असत्या, त्यांच्याच दहाव्याला. मी म्हणाले, "मार्चमधी." ज्या बाईच्या जाण्यानं मला घटकाभर हायसं वाटलं होतं तिच्या घरात बसून मी ते बोलले. अभयनं हात जोडले. म्हणाला, "खोलीची काळजी करू नका, तुम्ही इथंच राहा. मधली खोली पण तुम्हीच सांभाळा. आणि एक खोका येईल. ती शाळा निघाली तेव्हाच आईनं तुमच्यासाठी म्हणून मागवला होता." मला तिथून उठून कुठं जाऊ नि कुठं नको असं झालं होतं. कोणी मला घालूनपाडून बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यानंतर खोका आला. मी तो शिवणाच्या कपड्यांखाली ठेवून दिला. भाभी रोज विचारायच्या, "खोले की नै?" मी म्हणायची, काम लई आहे. महालक्ष्म्या जवळ आल्या. यंदा या घरात त्या बसणार नाहीत, दुखवटा आहे, आणि तशाही त्या घरच्यांनी बसवायच्या असतात, भाडेकरणीनं नाही. तरी ओळखीच्या बाया विचारत होत्या, आरास तरी बघायला येऊ का? एका दुपारी भाभीच खोका काढून माझ्यापुढं आपटून गेल्या. "कुमुदआपा तुमकु इत्ता मानते थे... और तुमे?"

शाळा जोडायला मला दोन दिवस लागले. घंटा बसवली, फळा बसवला. शेवटी बस. चित्र बघत सरळ जोडत गेले, हात सवयीनं चालत होते, डोळे भरलेले होते. झाल्यावर स्टॉपला नेऊन लावली, आणि कोणी "आता उतर" म्हणालं नाही. मीच वाकून बघितलं. दार रस्त्याच्या बाजूला. जांभळ्या पिशवीवाली इकडं स्टॉपवर उभी, आणि दार पलीकडं. मी बस उकलली. यावेळी आकडे सांगणारं कोणी नव्हतं, चित्र बघून मनातच उलटं करत सावकाश बांधली. दाराच्या वरचा तुकडा एकाच बाजूचा निघाला. पत्र्याचा डबा उपडा करून तास-दीड तास शोधलं, तेव्हा कचऱ्याच्या गाडीचा एक जुना तुकडा तिथं चपखल बसला.

दुसऱ्या दिवशी मी ज्या शाळेत फॉर्म भरून घेतात तिथं गेले. फाटकाशी थांबून परत फिरले, कोपऱ्यावरून पुन्हा गेले. आतल्या सरांनी वर न बघताच विचारलं, "मुलासाठी?" मी म्हणाले, "माझ्यासाठी." त्यांनी वर बघितलं, हसले नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे म्हणाले. तो गावाकडं. भावाला फोन केला, ज्यांना सांभाळायला मी शाळा सोडली त्यांतला थोरला. आधी तो हसला, "आक्का, आता कशाला गं?" मग म्हणाला, "आणतो."

दाखला अजून आलेला नाही. मी पुढच्या खोलीत शिवत असते, मधलं दार उघडं ठेवते, काकू ठेवायच्या तसं. नवीन सेटचं काही निघालं की तिकडून हाक येईल असं अजून वाटतं. साडी मी काढून घडी करून ठेवली आहे. शहर उघडंच असतं, रोज पुसते, दवाखान्याची हळद आहे तशीच आहे. बस स्टॉपला लागलेली आहे. जांभळ्या पिशवीवालीला मी अजून आत बसवलेलं नाही, मला तेवढं धाडस नाही आणि तेवढा हक्कही अजून नाही. पण दार तिच्या बाजूला आहे, आणि मी ते उघडं ठेवलं आहे.