डबल बेल

माझी मावशी बसमध्ये कंडक्टर. काका रिटायर होईपर्यंत त्याच बसचे ड्रायव्हर. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे निघ. घरी पण तेच, फक्त बेल काकांची: मावशी वाढत असली की काका ताटावर एकदा टण करायचे आणि तिचा हात जागच्या जागी थांबायचा, आम्ही हसून हसून मरायचो.

आता बसमध्ये तिकिटाची मशिनं आली आणि कंडक्टरना घरी पाठवतायत. इंग्लिश बोलता येईल त्यालाच चौकशीच्या खिडकीवर घेणार. पहिल्या इंटरव्ह्यूला मावशी "आय ॲम नोइंग ऑल रूट्स" म्हणाली आणि नापास झाली. आता दुसरा इंटरव्ह्यू, ही शेवटची संधी.

मी म्हटलं, अगं नो, वॉन्ट, हॅव यांना असं आयएनजी नाही लावायचं. माहीत असणं काही चालू नसतं, ते नुसतं असतं.

"म्हणजे स्टॉपवर उभी बस," मावशी म्हणाली. "आहे, पण चालत नाहीये."

"माझी बायको हुशार आहे," काका म्हणाले.

"आत्ता कळलं का?"

मग काका रोज सराव घ्यायचे. आयएनजी चुकलं की टेबलावर एक टक, मावशी गप्प, मनातल्या मनात वाक्य सुधारणार. मग दोन टक, पुढे. जिभेला वळणच लागलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी आणि काका बाहेर बाकावर, दार अर्धवट उघडं, सगळं ऐकू येत होतं. "आय नो ऑल द रूट्स सर. आय वॉन्ट धिस जॉब." मी काकांचा हात घट्ट धरला, इतकं छान बोलत होती ती. "आय हॅव..."

तेवढ्यात साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. सहजच. एकदा.

मावशी थांबली.

साहेब वाट बघतायत, मावशी वाट बघतेय. काका पुटपुटत होते, "अहो, अजून दोन द्या, दोन द्या..." साहेब म्हणाले, "येत नाही वाटतं पुढे. ठीक आहे, नेक्स्ट."

मावशी बाहेर आली. "काय चुकलं हो माझं? आयएनजी तर लावलंच नव्हतं."

काही चुकलं नव्हतं गं मावशी. काही म्हणजे काहीच नाही.

काकांनी बाकावर दोनदा टकटक केलं. आणि मावशी तिथेच भिंतीकडे बघत बोलायला लागली, आय हॅव अ गुड मेमरी सर, आय लाइक पीपल, आय नो एव्हरी स्टॉप, एकही चूक नाही, थांबेचना. लोक बघत होते. तिला थांबवायला एकच टक पुरे होती, पण काकांचा हात काही उचलेना.