ओठांपुढचा पुंजका

सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. दर्यापुराकडचे शेतकरी बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या चढवून अमरावतीच्या बाजारात येऊ लागले, आणि तिथे एका गोऱ्या व्यापाऱ्याने मोठी वखार थाटली. त्या वखारीत मला दुभाषी व्हायचं होतं. सरकारी शाळेत मी इंग्रजी वाचायला-लिहायला शिकलो होतो, त्यामुळे मला वाटत होतं की अर्धा साहेब मी झालोच आहे. पण खऱ्या साहेबापुढे तोंड उघडलं तेव्हा तो पुन्हा पुन्हा कान पुढे करत राहिला आणि शेवटी म्हणाला, आधी उच्चार दुरुस्त करून ये. मी तापट माणूस. घरी येऊन म्हणालो, त्याचेच कान दुरुस्तीला टाका. बाबा शांतपणे म्हणाले, नव्या बैलालाही औताची सवय लावावीच लागते.

कॅम्पात, गोऱ्यांच्या वस्तीत, एका गोऱ्या बँडवाल्याची विधवा राहायची. सगळे तिला मडम म्हणत. बाबांनीच तिच्याशी बोलणी केली. तिने मला बोलायला शिकवायचं आणि आमच्या घरून दर बाजाराला तिच्याकडे तुरीची डाळ नि तूप पोचवायचं. बाबा डाळीचं गाठोडं स्वतः आणत आणि पायऱ्यांवर ठेवून निघून जात. आत कधी आले नाहीत.

मडम ओसरीच्या आढ्याला दोरा बांधायची आणि दोऱ्याच्या टोकाला कापसाचा पुंजका. तो बरोबर माझ्या ओठांपुढे लोंबायचा. तिने 'प्राइस' म्हटलं की पुंजका उडायचा. मी म्हटलं की ढिम्म. आमचा 'प' ओठांवरच विझतो, तिचा फुंकर घालत बाहेर पडायचा. बेजबाबदार बोलणाऱ्याला आपण म्हणतो, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. माझ्या 'ट'वर तिचा राग नेमका त्याचसाठी होता. जीभ टाळ्याला नको, दातांच्या मागे ठेव, असं ती मोडक्या हिंदीत ओरडायची. मला तिचा संताप यायचा. पण ज्या दिवशी माझा पुंजका पहिल्यांदा हलला, त्या दिवशी ती खुर्चीवरून उठून हसली, आणि मलाही फार आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे.

एक गंमत अशी झाली की इंग्रजीसाठी कमावलेला 'ह' माझ्या मराठीतही शिरला. गावी गेलो की मी 'आमी', 'तुमी' सोडून 'आम्ही', 'तुम्ही' असं कोरून कोरून बोलू लागलो. आई म्हणायची, घरात पाहुणा आला, पाट मांडा. भावंडं हसायची. बाबा हसायचे नाहीत. ते नुसते ऐकत बसायचे. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, आणि मी इंग्रजी बोलताना त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं.

अखेर साहेबाने मला ठेवून घेतलं. आमच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. विकणारा दुपट्टा पुढे करतो, त्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. साहेबाच्या वतीने हात माझा, आणि तो भाव साहेबाला इंग्रजीत सांगणारं तोंडही माझं. दुपट्ट्याखालचं साहेबाला दिसत नसे, म्हणून त्याची एकच अट होती: विकणाऱ्यांत दुभाष्याचं कुणी नात्याचं असता कामा नये. माझ्या आधीच्याने आपल्या मेहुण्याचा माल घेतला, म्हणून त्याला काढलं होतं. अकोल्यापर्यंत आगगाडी आली की तिथल्या वखारीवर मलाच पाठवायचं, असंही साहेब बोलला होता. हे सगळं मी बाबांना सांगितलं होतं आणि आपला कापूस दुसरीकडे घाला असं बजावलंही होतं.

तरी एका सकाळी आमची गाडी वखारीच्या आवारात उभी. बाबा उतरले, माझ्यासमोर आले आणि हात जोडून म्हणाले, "राम राम, दुभाषी साहेब. माल निवडेल हाय. तुमी सांगा साहेबाले."

बापाच्या तोंडून 'तुमी' ऐकून मला चटका बसला. वाटलं, माझ्या 'आम्ही-तुम्ही'चा आज सगळ्यांदेखत सूड घेताहेत. मग त्यांनी दुपट्टा पुढे केला आणि मी खाली हात घातला. बोट त्यांनी एकही दाबलं नाही. पूर्णेच्या पाण्यातून नेताना लहानपणी धरायचे तसा माझा सबंध हात धरला आणि धरूनच ठेवला. तेव्हा मला समजलं. त्यांना कापूस विकायचा नव्हता, माझं इंग्रजी ऐकायचं होतं. आणि माझ्या नोकरीला धक्का नको म्हणून ते परके झाले होते.

साहेबाने भाव विचारला. सांगायला भाव नव्हताच. त्याने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, ह्याला ओळखतोस?

नाही म्हणणं सोपं होतं. पण ज्या तोंडासाठी ह्या माणसाने डाळीची गाठोडी वाहिली, त्याच तोंडाने त्याला ओळखत नाही म्हणायचं मला जमेना. मी सरळ उभा राहिलो आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की हा माझा बाप आहे, हा भाव सांगायला आलेला नाही, फक्त मला बोलताना ऐकायला आला आहे. त्या दिवशी पुढे पुंजका असता तर उडून गेला असता.

बाबा शेजारच्या गाडीवानाकडे वळले. "आयकलं? कसे फाडफाड बोलून राह्यले." त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

साहेबाने मला फाटकाकडे बोट दाखवलं.

मी गाडीत बाबांच्या शेजारी जाऊन बसलो. ते घाबरले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "अजी, तुमी कावून इथं बसले? काय सांगतलं तुमी त्याले?"

"सांगतो," मी म्हणालो. "पन पयले मले तू म्हना, बाबा."