डाव्या चाकाची खरखर

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मंजुळानं तोंड उघडलं की माणसं दारं लावून घेत, असं सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातंय! नवरा तापानं गेला तेव्हा पोर अजून कडेवर होती. अंधेरीच्या बाजारात बसून, पापलेट-बोंबील विकून तिनं त्या कमळला वाढवली, वाजतगाजत लग्न करून दिली. गप्प बसून झालं असतं का हे? रागीट होती, होतीच! पण ऐकून न ऐकल्यासारखं कुणी केलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि घरात तसं करण्यात तिचा धाकटा दीर लहू पटाईत होता.

लहू आधी होडीवर तांडेल होता, म्हणजे होडीवर त्याचा शब्द चालायचा. पंचावन्न साली त्यानं जुहूच्या एका शेठची जुनी मोटार घेतली आणि वाड्यातल्या बायकांना टोपल्यांसकट बाजारात सोडायला लागला. तिथंही आपलाच शब्द चालावा असं त्याला वाटायचं. ओहोटीला ओल्या वाळूवरून मोटार पळवायची त्याला भारी हौस. चाकात खारं पाणी जातंय, वाळू जातेय, याची फिकीर नाही.

मग एक दिवस डाव्या पुढच्या चाकातून खरखर सुरू झाली. मंजुळा पुढं, त्या चाकाच्या अंगालाच बसायची, त्यामुळे तिला ती पहिल्यांदा ऐकू आली. आधी ब्रेक दाबला की व्हायची, पुढं पुढं न दाबताही.

"लहू, आत लोखंड घासतंय रे," ती म्हणाली. "वळताना काय नाय होत. ब्रेक दाबलास की वाढतं. काशीरामला दाखव."

"वहिनी, तू मासळी बघ. मोटारीचं मी बघतो."

मागच्या बायका खिदळल्या. कमळही हसली. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. काकाची ती लहानपणापासून लाडकी. "आई, काकाला नीट चालवू दे ना गं. तुला काय ना काय बोलायला लागतंच!"

मंजुळाच्या डोक्यात तिडीक गेली. पोटची पोर हसते म्हणजे काय! पण ती हटली नाही. रोज जाताना बोलायची, येताना बोलायची. शेवटी वैतागून लहू अंधेरीला काशीराम मेकॅनिककडे जाऊन आला. "चाक सुकलंय म्हणाला. तेल पाहिजे, बस," असं त्यानं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोटार निघाली ती मुकाट. खरखर नाही की काही नाही. लहूनं मिशीवर हात फिरवला. "बघ वहिनी, आहे का आवाज? महिनाभर माझं डोकं खाल्लंस!"

आता खरखर नाही म्हटल्यावर मंजुळा बोलणार काय? पण आवाज असा एका रात्रीत जातो कुठं, हे तिच्या मनातून जाईना.

त्याच आठवड्यात कमळला दवाखान्यात दाखवायचं होतं. लहूनं मोठ्या कौतुकानं तिला पुढं बसवली. मंजुळा मागं बसली. सात बंगल्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं आडवी गाय आली, लहूनं ब्रेक दाबला, मोटार थोडी उजवीकडं ओढली गेली आणि मंजुळाच्या नाकात वास शिरला. करपलेल्या तेलाचा वास. साध्यासुध्या तेलाचा नव्हे. मुशी माशाच्या काळजाचं तेल! होड्यांच्या लाकडाला चोपडायला दरवर्षी चुलीवर ते काढायची कोण? मंजुळाच. झोपेतसुद्धा तिनं तो वास ओळखला असता.

"लहू, मोटार थांबव! चाकात मुशीचं तेल घातलंस तू?"

"घातलं. होडी कुरकुरली की काय करतो आपण? गेला ना आवाज?"

"अरे, ब्रेकला तेल? धरणार कसा तो? थांबव म्हणते ना!"

"गप बस ना वहिनी. फाटक आलंच."

अंधेरीचं रेल्वे फाटक बंद होतं. गाड्या उभ्या होत्या. लहूनं ब्रेक दाबला, परत दाबला, उभा राहून दाबला. उजव्या चाकानं धरला, डाव्यानं धरलाच नाही. मोटार गर्रकन उजवीकडं वळली आणि तबेल्याकडं निघालेल्या गवताच्या गाडीत घुसली. गवत होतं म्हणून माणसं वाचली. पण कमळ पोटावर आदळली. "आई गं!" एवढंच तिच्या तोंडून आलं.

पुढची दुपार मंजुळा दवाखान्याच्या बाकावर बसून होती. डॉक्टरीण बाई दोनदा बाहेर आल्या आणि काहीच न सांगता आत गेल्या. लहू देवाचं नाव घेत होता. मंजुळाला त्याच्याकडं बघवेना. बघितलं असतं तर त्याच्या नरडीलाच हात घातला असता. दिवेलागणीला बाई आल्या आणि म्हणाल्या, बाळाचे ठोके लागतायत, पण बाळंत होईपर्यंत हिनं अंथरुणातून हलायचं नाही.

कमळला घरी आणली आणि वाडा लोटला. एकवीरेला नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आणि कौतुक कुणाचं चाललं होतं? लहूचं! लहूनं डोकं चालवलं, गवतात घातली म्हणून वाचले सगळे. लहू पण मान हलवून ऐकत होता. एक म्हातारी मंजुळाला म्हणाली, "झालं ते झालं बाय. आता तू आरडाओरडा करू नकोस."

मंजुळा उठली ती तडक अंधेरीला गेली. मोटार काशीरामकडं ओढून नेली होती, चाक उघडलेलं होतं. ब्रेकच्या लोखंडी डब्यात बोट जाईल एवढे चर पडले होते, वर तेलाचा काळा चिखल. तिनं काशीरामवरच तोंड सोडलं. "तेल घाल म्हणून तू सांगितलंस?"

"मी?" काशीराम उसळला. "मी चाक उचलून, फिरवून दाखवलं त्याला. आतला पट्टा झिजलाय, लोखंडावर लोखंड घासतंय, माणसं बसवू नकोस, मोटार इथं ठेव म्हणालो. तर म्हणतो, ठेवली तर वहिनीचं खरं होईल."

मंजुळानं तो डबा रिकाम्या टोपलीत घातला आणि घरी आणला. माणसं अजून बसलेलीच होती. पेढ्यांच्या ताटाशेजारी तिनं तो धाडकन ठेवला.

"काशीराम नको म्हणाला होता की नाय, लहू? तेवढंच सांग."

"वहिनी, आज कशाला—"

"म्हणाला होता की नाय?"

लहूनं इकडंतिकडं बघितलं. कुणी मदतीला येईना. "म्हणाला होता," तो पुटपुटला. "पण आवाज गेला होता ना. मला वाटलं, चालेल चार दिवस."

मंजुळाच्या ओठांवर शिव्यांची रास आली होती. तेवढ्यात खाटेवरून कमळ बोलली.

"काका, तुला माहीत होतं?"

लहूनं तो डबा हातानं बाजूला सारला.

"आणि तरी मला पुढं बसवलंस?"

तो उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला. कमळनं त्याचा हात बाजूला केला. "आई, याला बाहेर जायला सांग," ती म्हणाली आणि कूस बदलली.